हिवाळ्यातील चार दिवसांसाठी एक शहर
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



युरोपच्या प्रवासाविषयी आपणांसमोर चार शब्द बोलावे अशी चिटणिसांची आज्ञा झाली तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे व त्यावर अध्यापनाची पदविका. सारी हयात दापोली तालुक्यातील प्राथमिक शाळांतून मुलांना गणित व भूगोल शिकविण्यात गेली. युरोप खंड आम्ही पाहिला तो भिंतीवरच्या नकाशात, छडीच्या टोकाने. असा मनुष्य एकवार परदेशी जाऊन आला म्हणून त्याने लगेच व्यासपीठावर चढून प्रवासवर्णन सांगावे, हे आम्हांस प्रशस्त वाटेना. परंतु चिटणीस म्हणाले, "गुरुजी, वर्णन नको. तुम्ही शहर कसे निवडलेत तेवढेच सांगा. यंदा आमच्याही घरी तोच घोळ चालला आहे." हे मात्र पटले. आपल्या ज्ञातीतील कितीतरी घरांची मुले आज जर्मनी, इंग्लंड, हॉलंड अशा देशांत नोकरीस आहेत. नाताळच्या सुटीत ती आईवडिलांस बोलावून घेतात आणि मग हाती असलेल्या चारपाच दिवसांत कोठे जावे यावरून घरात चार मते होतात. आमच्या घरी पाच झाली.

आमची कन्या व जावई म्युनिक येथे असतात. नात सात वर्षांची. २०२४ च्या डिसेंबरात आम्ही उभयता तेथे गेलो. जावईबापूंस २६ ते ३० तारखेपर्यंत सवड होती. म्हणजे चार रात्री. आमचे मत रोम वा पॅरिस. पस्तीस वर्षे ज्या शहरांवर छडी ठेवली त्यांपैकी एखादे तरी डोळ्यांनी पाहावे हा त्यातील सरळ हेतू. जावईबापूंचे मन प्रागकडे, कन्येचे लिस्बनकडे. "बाबा, निदान ऊन तरी मिळेल," हे तिचे कारण. नातीस जेथे प्राणिसंग्रहालय असेल तेथे जावयाचे होते. पाचवे मत आमच्या कुटुंबाचे. ते पुढे सांगतो, कारण ते आम्हांसही पुढेच कळले.

परवान्याची गोष्ट एकदाच सांगून टाकतो. शेंगेन म्हणून जो एकत्र प्रवेशपरवाना आहे त्यावर २९ देशांत हिंडता येते. तथापि जेथे अधिक दिवस राहावयाचे त्याच देशाकडे अर्ज करावा लागतो; आमचा तो जर्मनीकडे. जून २०२४ पासून प्रौढास ९० युरो शुल्क झाले, आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा आवश्यक असतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, निदान पंधरा दिवस आधी तरी झालाच पाहिजे. इंग्लंडचा परवाना सर्वस्वी निराळा. म्हणून लंडनचे नाव आमच्या यादीत आलेच नाही. शिवाय नाताळच्या दिवशी लंडनात बसगाड्या व भुयारी रेल्वे बंद असतात, हेही ध्यानात असू द्यावे.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. आम्ही जुन्या सवयीने वहीत रकाने आखले. पहिला रकाना प्रकाशाचा. आपल्याकडे हिवाळ्यातला दिवस लहान म्हणतात, तरी मुंबईस डिसेंबरअखेर सुमारे अकरा तास उजेड असतो. लिस्बनला तो साडेनऊ तासांच्या आतबाहेर, रोमला नऊ तासांहून किंचित अधिक, पॅरिस व व्हिएन्ना येथे सव्वाआठच्या सुमारास, प्रागला आठ, आणि स्टॉकहोमला केवळ सहा. चार दिवसांच्या प्रवासात रोजचा एक तास म्हणजे अर्धा दिवस झाला! हा हिशेब प्रवासाच्या छापील पत्रकांत कोणी देत नाही. तेथे सर्व शहरांवर जूनमधले ऊन पडलेले असते.

येथे भूगोलाच्या शिक्षकास मोह आवरत नाही, क्षमा असावी. पॅरिस आणि व्हिएन्ना ही दोन्ही जवळजवळ एकाच अक्षांशावर. दिवसाची लांबी सारखी. परंतु व्हिएन्ना पूर्वेस आहे, दोहोंच्या रेखांशांत १४ अंशांचे अंतर आहे, आणि घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. एका अंशास चार मिनिटे, म्हणजे १४ अंशांस ५६ मिनिटे. तेव्हा व्हिएन्नात पावणेआठाच्या सुमारास सूर्य उगवतो व चार वाजून गेले की मावळतो. पॅरिसमध्ये तोच पावणेनऊच्या सुमारास उगवून पाचच्या सुमारास मावळतो. आपल्याकडे आसाम आणि द्वारका यांत जे घडते तेच हे. मग कुटुंबात पहाटे उठणारे किती आणि उशिरा उठणारे किती हे पाहावे. आमच्या घरी साठी उलटलेले दोघे व सात वर्षांची एक, तिघेही कोंबड्याआधी उठणारे. आम्हांस पॅरिसचा उशिराचा सूर्य काय कामाचा?

दुसरा रकाना चढउतारांचा. आमच्या कुटुंबाचे दोन्ही गुडघे दुखरे. जिना टाळा, असे डॉक्टरांनी बजावले होते. लिस्बन हे टेकड्यांवर वसलेले शहर. पदपथ गुळगुळीत पांढऱ्या दगडांचे, आणि तेथला पाऊस येतो तो नेमका हिवाळ्यात. ऊन खरे, पण ओल्या दगडांवरून उतरताना त्या उन्हाचा आधार धरता येत नाही. आम्ही कोकणचे, रेवदंड्याचा कोट लहानपणी पाहिलेला, वसईच्या किल्ल्यावर पुढे मुलांची सहल नेलेली. ज्या बेलें गावच्या मठात वास्को द गामाची समाधी आहे तेथे एकदा उभे राहावे, असे फार वाटत होते. लिस्बन खोडताना हात जड झाला, हे लपवीत नाही.

रोमवर काट मारावी लागली ती निराळ्या कारणाने. दर पंचवीस वर्षांनी येणारे ख्रिस्ती महोत्सवाचे वर्ष तेथे त्याच २४ डिसेंबरला सुरू झाले. पर्वणीच्या दिवशी पंढरपुरास केवळ देऊळ पाहावयास जाण्यासारखेच ते. प्राग सुंदर असेल. पण उजेड सर्वांत कमी, नाणे निराळे, आणि आगगाडीचा प्रवासही अधिक लांबचा.

उरले व्हिएन्ना. म्युनिकहून आगगाडीने चार तास. जुने शहर सपाट. त्याभोवती जो तट होता, ज्याने १५२९ मध्ये व पुन्हा १६८३ मध्ये तुर्कांस थोपविले, तो पाडण्याची आज्ञा सम्राट फ्रान्झ योसेफ याने १८५७ मध्ये दिली आणि त्या जागी पाच किलोमीटरांहून थोडा लांब असा वर्तुळाकार रुंद रस्ता झाला. त्यावरून ट्राम धावते, बाकावर बसल्या बसल्या निम्मे शहर दिसते. राष्ट्रीय संग्रहालयांत एकोणीस वर्षांखालील मुलांना प्रवेश विनामूल्य. शोनब्रुन राजवाड्याच्या आवारात १७५२ पासून प्राणिसंग्रहालय आहे, म्हणजे नातीचे मत आपोआप पडले. दोष? आकाश करडे, चारला अंधार. आम्ही विजयी मुद्रेने वही मिटली.

त्या रात्री जेवताना नातीने विचारले, "आजी, तुला काय बघायचंय ते कुणी लिहिलंच नाही." आमच्या कुटुंबाने नेहमीचे उत्तर दिले, "मला काय, तुम्ही न्याल तिकडे." नात हट्टी. तेव्हा पोळी वाढता वाढता तिने सांगितले, "बर्फ पाहायचा होता. पण शहरात कुठला?" सभाजनहो, वहीत सहा रकाने होते, ज्या व्यक्तीच्या गुडघ्यांसाठी एक अख्खा रकाना आखला, तिच्या इच्छेसाठी एकही नव्हता. लग्न होऊन नुकतेच वर्ष झाले असता आम्ही कंदिलाच्या उजेडात शाळेसाठी आल्प्स पर्वताचा नकाशा रंगवीत होतो. त्यावर पांढरा रंग का, असे तिने विचारले होते. आम्ही म्हटले, बर्फ असतो. कसा असतो, असे तिने विचारले. तेव्हा आम्ही सांगितले की हर्णैच्या बंदरावर मासळीसाठी भुसा लावलेल्या लाद्या येतात ना, तसाच. त्या उत्तरावर चाळीस वर्षे निभावली.

व्हिएन्ना शहर फार उंचावर नाही. नाताळात तेथे बर्फ मिळेलच असा भरवसा देता येत नाही. पण शहर तेच ठेवून उपाय सापडला. दक्षिणेस आगगाडीने सव्वा तासाच्या आसपास सेमरिंगचा घाट आहे. स्थानक जवळजवळ ९०० मीटर उंचीवर. उंची वाढली की हवा थंड होते, दर हजार मीटरला सुमारे साडेसहा अंश, असे आम्हीच शिकवीत आलो. एक दिवस तिकडे द्यावा असे ठरले. जावईबापूंनी एका संग्रहालयाचा त्याग केला, हे कृतज्ञतेने नमूद करतो.

२६ तारखेस आम्ही पोहोचलो. एक इशारा: तेथे २५ व २६ या दोन्ही तारखांना सुटी, दुकानांना टाळी. रविवारीही तसेच. मोठ्या रेल्वेस्थानकांतील काही दुकाने मात्र उघडी असतात. आम्ही पाच दिवसांच्या दशम्या व चटणी बांधून नेल्या होत्या, म्हणून अडले नाही. नाताळचे बाजारही बहुतेक तोवर उठू लागलेले असतात; बाजार पाहावयाचाच असेल तर २४ च्या आधी जावे. पाणी मात्र विकत घेऊ नये. शहराच्या नळास १८७३ पासून आल्प्समधील झऱ्यांचे पाणी येते.

शहरात काय काय पाहिले त्याची जंत्री देत नाही. निसर्गसंग्रहालयात विलेनडॉर्फ येथे १९०८ मध्ये सापडलेली, तळहातावर मावेल एवढी स्त्रीमूर्ती आहे, जवळजवळ तीस हजार वर्षांपूर्वीची. आमचे कुटुंब तिच्यापुढे बराच वेळ उभे होते. त्या वर्तुळाकार रस्त्यावरील विद्यापीठाची इमारत सुटीमुळे आम्ही बाहेरूनच पाहिली. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात १८६३ पासून शिकविणारे आणि पुढे कीलहॉर्न यांच्यासह मुंबई संस्कृत ग्रंथमाला सुरू करणारे डॉ. ब्यूलर हे अखेरीस याच विद्यापीठात संस्कृताचे प्राध्यापक होते. पायरीपाशी चप्पल काढावी असे वाटले. पण थंडी फार होती.

२८ तारखेस सेमरिंगला निघालो. शहरावर दाट धुके. हा लोहमार्ग कार्ल फॉन गेगा या अभियंत्याने १८४८ ते १८५४ या काळात बांधविला. ४१ किलोमीटर, १४ बोगदे, १६ मोठे पूल. त्यांतील एक दुमजली कमानींचा, ४६ मीटर उंच. आमचा बोरघाट १८६३ साली गाडीस खुला झाला, म्हणजे नऊच वर्षांनी. गाडी वळणे घेऊ लागली तसे आम्ही खंडाळ्याच्या आठवणींनी इतके बोलू लागलो की नात म्हणाली, "आजोबा, बाहेर बघा."

बाहेर धुके संपले होते. वर लख्ख ऊन! उंच जावे तो थंडी वाढेल हे आमचे गणित त्या दिवशी साफ चुकले. खाली खोऱ्यात जड थंड हवा साचून धुके बसते आणि वर उबदार स्वच्छ हवा राहते, असे हिवाळ्यात तेथे पुष्कळदा होते. सुदैवाने चार दिवसांपूर्वी पडलेला बर्फ झाडांच्या सावलीत टिकून होता. स्थानकापासून पन्नास पावलांवर, एकही पायरी न चढता, तो हाती लागला.

नात त्यात लोळली. आमच्या कुटुंबाने हातमोजा काढून मूठभर उचलला, मुठीत दाबला, बोटांतून पाणी निथळेपर्यंत पाहत राहिली. आम्ही शेजारी उभे होतो. ती म्हणाली, "अहो, लादीसारखा नाही हो हा. पिठीसारखा आहे. तुम्ही चुकीचं सांगितलं होतंत."

आम्ही चूक मान्य केली. परतीची गाडी तीनच्या सुमारास होती. व्हिएन्नास उतरलो तेव्हा दिवे लागले होते.