एका छपराखाली लेखणी आणि सुरी

लेखकाच्या जन्मस्थळी काय बघायला मिळतं हे आपल्याला साधारण ठाऊक असतं. लिहायचं मेज, दौत, हस्तलिखिताची चार पानं. फ्रान्समधल्या रुआं शहरात गुस्ताव्ह फ्लोबेरच्या जन्मघरात मात्र शस्त्रक्रियेची हत्यारं, औषधांच्या बरण्या आणि सहा रुग्णांना एकत्र झोपवायचा भलामोठा पलंगही आहे. संग्रहालयाच्या नावातच ‘फ्लोबेर’ आणि ‘वैद्यकाचा इतिहास’ शेजारी शेजारी आहेत.

ही जोडी ओढूनताणून जुळवलेली नाही. फ्लोबेरचे वडील रुआंच्या ओतेल-द्यू या रुग्णालयाचे मुख्य सर्जन. राहतं घर रुग्णालयाच्याच आवारात. तिथेच १२ डिसेंबर १८२१ रोजी गुस्ताव्ह जन्मला. शवविच्छेदनाची खोली त्यांच्या बागेला लागून होती. वेलीच्या मांडवावर चढून तो आणि धाकटी बहीण कारोलीन आत डोकावत, आणि हातातलं काम थांबवून वडील त्यांना हाकलत. ही आठवण फ्लोबेरनं पुढे पत्रात लिहून ठेवली आहे.

हे पाहणं त्याच्या लेखणीत उतरलं. ‘मादाम बोव्हारी’ १८५६ साली मासिकातून क्रमशः आली आणि १८५७ मध्ये तिच्यावर अनीतीचा खटला होऊन लेखक निर्दोष सुटला. खटल्यामुळे नायिकेचीच चर्चा अधिक झाली. पण तिच्या नवऱ्याकडेही पाहा. शार्ल पूर्ण डॉक्टर नाही, खालच्या दर्जाची परवानगी असलेला खेडेगावचा वैद्य आहे. नावलौकिकाच्या मोहात तो एका तबेलेवाल्याच्या वाकड्या पायावर शस्त्रक्रिया करतो. जखम सडते आणि शेवटी पाय कापावा लागतो. रुग्णालयाच्या आवारात वाढलेल्या माणसानंच लिहावं असं हे प्रकरण आहे.

संग्रहालयात मला सर्वांत जास्त थांबवून ठेवलं ते एका बाहुलीनं. कापड, चामडं आणि भरण वापरून केलेला स्त्रीचा कमरेखालचा भाग आणि सोबत बाळ. मादाम द्यु कुद्रे या सुईणीनं ही शिकवण्याची साधनं तयार केली. १७५९ साली पंधराव्या लुईनं तिला गावोगाव फिरून सुईणींना शिकवायची परवानगी दिली. विद्यार्थिनी बहुधा निरक्षर, त्यांना पुस्तकाचा काय उपयोग? म्हणून बाहुली. आडवं आलेलं मूल कसं वळवायचं, हे हातानं करून बघायचं. चूक झाली तरी जीव जात नव्हता. तिच्या अशा बाहुल्यांपैकी आज शिल्लक राहिलेली एकमेव म्हणून रुआंची ही बाहुली ओळखली जाते.

आता या घराची कहाणी बाहुलीशेजारी ठेवून पाहा. १८४६ च्या जानेवारीत फ्लोबेरचे वडील वारले. त्याच महिन्यात कारोलीनला मुलगी झाली आणि मार्चमध्ये कारोलीन गेली. आपल्याकडे ज्याला बाळंतरोग म्हणत, त्यानं. मांडवावर चढणाऱ्या दोघांपैकी ती एक. वडील नामांकित सर्जन, थोरला भाऊही सर्जन, तरी तिला कोणी वाचवू शकलं नाही. मूल वळवायचं कसं हे ठाऊक होतं. ताप येतो कुठून हे नव्हतं.

पुढच्याच वर्षी, १८४७ मध्ये, व्हिएन्नात सेमेलवाइस यांनी शवविच्छेदन करून थेट बाळंतिणीकडे जाणाऱ्या डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्यानं हात धुवायला लावले. त्यांच्या विभागात शेकडा अठराच्या आसपास गेलेलं मृत्यूचं प्रमाण काही महिन्यांत शेकडा दोनच्या घरात आलं. तरीही बहुतेक समव्यावसायिकांनी ते मानलं नाही. कारोलीनला नेमका संसर्ग कुठून झाला हे आज कोणी सांगू शकणार नाही. पण त्या काळी विद्या कुठे अडली होती, ते या उदाहरणातून कळतं.

फ्लोबेर आणि त्याच्या आईनं ती पोरकी भाची वाढवली. तिचंही नाव कारोलीनच ठेवलं होतं.

फ्लोबेर निर्विकारपणे लिहितो, सुरीसारखी लेखणी चालवतो, अशी त्याची ख्याती. या घरातून फिरल्यावर मला वाटलं, तो निर्विकार नव्हता. जवळून पाहायची आणि नजर न वळवायची सवय त्याला लहानपणीच लागली होती. रुआंला जाणं झालं तर तिथलं प्रसिद्ध कॅथीड्रल पाहाच, पण एक तास या घरासाठीही राखून ठेवा.