कॅम्बर : पुलाच्या पाठीचा बाक
(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



व्याख्यानाला मोठा विद्वान मिळाला नाही म्हणून यंदा कार्यकारिणीने मला उभे केले आहे. मी नागपूरच्या पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला माणूस. वीस-बावीस वर्षे पुलांच्या कामात गेली, त्यातली बरीचशी इथे बिलासपूरच्या आसपास. तेव्हा मी मला येते तेच सांगणार, आणि तेही एकाच शब्दाबद्दल. तो शब्द म्हणजे ‘कॅम्बर’.

घरातले पुस्तकांचे लांब फळीचे कपाट आठवा. चार-पाच वर्षांत फळी मधोमध खाली येते. आपण म्हणतो, फळीला झोळ आला. आता समजा, सुताराने ती फळी मुळातच मधोमध किंचित वर उचललेली बसवली असती, तर पुस्तके ठेवल्यावर ती सरळ झाली असती. भार आल्यावर सरळ व्हावे म्हणून आधीच दिलेला हा वरचा बाक म्हणजे कॅम्बर. भाराने येतो तो झोळ, माणूस विचार करून देतो तो कॅम्बर.

हा शब्द वापरताना दोन गल्लती होतात. पहिली म्हणजे कॅम्बर आणि कमान एकच समजणे. दगडी कमान आपला भार दोन्ही बाजूंना ढकलते, म्हणून तिला भक्कम टेकू लागतात. कॅम्बर दिलेला गर्डर मात्र गर्डरच राहतो. तो दोन टोकांच्या बेअरिंगवर बसून फक्त खाली दाबतो. दुसरी गल्लत रस्तेवाल्यांमुळे होते. तेही कॅम्बर म्हणतात, पण त्यांचा कॅम्बर रस्त्याच्या आडव्या छेदात असतो आणि पावसाचे पाणी दोन्ही कडांना वाहून जावे म्हणून असतो. शब्द एक, काम वेगळे.

आपल्या रेल्वेच्या मोठ्या नद्यांवर त्रिकोणी जाळीचे लोखंडी गर्डर दिसतात, त्यांना आम्ही ओपन वेब गर्डर म्हणतो. ४५.७, ६१ आणि ७६.२ मीटर हे त्यांचे नेहमीचे गाळे. त्यांना बाक द्यायला लोखंड वाकवत नाहीत. भाराखाली जे भाग दाबले जाऊन आखूड होणार ते आधीच थोडे लांब करतात आणि जे ताणले जाणार ते थोडे आखूड. जुळणी झाली की बाक आपोआप येतो. साठ मीटर लांबीला हा बाक जेमतेम काही सेंटिमीटर असतो. किती द्यायचा, तेही ठरलेले आहे. पुलाचे स्वतःचे वजन आणि गाडीचा पाऊण भार, म्हणजे ७५ टक्के, धक्का न धरता, एवढे आल्यावर गर्डर आराखड्यातल्या मूळ आकारात यावा. पूर्ण भार रोज प्रत्येक गाडीचा येत नाही, म्हणून पाऊणच.

गाडी नसताना जो बाक उरतो, तो आम्ही लेव्हल लावून सांध्या-सांध्यावर मोजतो आणि रजिस्टरमधल्या जुन्या आकड्यांशी ताडून पाहतो. बाक कमी झाला, तर पुलाला काहीतरी दुखते आहे. एखाद्या भागावर ताकदीबाहेर ताण आला असेल, सांध्यातले रिव्हेट थकले असतील किंवा रिव्हेट आणि भोक यांच्यात फट पडली असेल.

आता माझी स्वतःची चूक सांगतो. नोकरीची सुरुवातीची वर्षे होती. एका जुन्या पुलाचा कॅम्बर मी मे महिन्यात भर दुपारी मोजला. आकडे मागच्या वर्षीशी तंतोतंत जुळले. मी खूश झालो आणि सही करायला पेन काढले. आमचे वयस्कर ब्रिज मिस्त्री शेजारी उभे होते. त्यांनी रजिस्टरचा तापमानाचा रकाना बोटाने दाखवला. जुने सगळे आकडे पहाटेचे होते, माझा रकाना कोरा. ते एवढेच म्हणाले, “साहब, दोपहर में पुल झूठ बोलता है.”

मग डोक्यात प्रकाश पडला. उन्हात गर्डरचा वरचा भाग तापून लांबतो, खालचा सावलीत राहतो, त्यामुळे बाक वाढतो. म्हणजे दुपारी आकडा मागच्यापेक्षा जास्त यायला हवा होता. जुळला, हीच काळजीची गोष्ट होती. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा मोजले. बाक कमी भरला. तिसऱ्या दिवशीही तेच. मग हलक्या हातोडीने एकेक रिव्हेट वाजवत गेलो. एका सांध्यात बरेच रिव्हेट सैल निघाले, भोवती गंजाचे ओघळही होते. वर कळवले, गाड्यांना वेग कमी करण्याचा हुकूम निघाला, रिव्हेट बदलले. गेलेला बाक परत आला नाही, पण पुढची घट थांबली.

त्या पुलावरून कोरब्याच्या कोळशाच्या गाड्या जात आणि दिवाळीला गावी जाणारी आपली माणसेही. मी सही करून मोकळा झालो असतो, तर माझ्या त्या आकड्यांवर पुढच्या साहेबानेही विश्वास ठेवला असता. हा विचार आजही झोप उडवतो.

तुमच्यापैकी कितीतरी जण आता इथेच घरे बांधत आहेत, म्हणून एक उपयोगाचे सांगतो. स्लॅबच्या सेंटरिंगलाही कॅम्बर लागतो. साधारण नियम असा, की दोन्हीकडे टेकलेल्या स्लॅबला मीटरला ४ मिलिमीटर आणि पुढे काढलेल्या गॅलरीला मीटरला २० मिलिमीटर. म्हणजे चार मीटरच्या खोलीला मध्यभागी १६ मिलिमीटर आणि एक मीटरच्या गॅलरीचे टोक २० मिलिमीटर वर. काँक्रीट ओतण्याआधी दोरी ताणून स्वतः मोजा. ठेकेदार “सब ठीक है” म्हणेल, तरी मोजा.

ते मिस्त्री कधीच निवृत्त झाले. कॉलेजात मी कॅम्बरची व्याख्या पाठ केली होती, अर्थ त्यांनी शिकवला. आता नवीन मुले हाताखाली येतात, तेव्हा मी त्यांना एवढेच सांगतो, की पहाटे जा, तापमान लिहा आणि जो दिसेल तोच आकडा लिहा.

 गणपती बाप्पा मोरया!