जपान : ओळख आणि तयारी

(आमगाव येथे समाजबांधव व विद्यार्थी यांच्यासमोर केलेले भाषण)



आमगावसारख्या धानाच्या मुलखात बसून जपानविषयी बोलावे, हे काहींना नवलाचे वाटेल. परंतु आपल्यातील काही मुले आता परदेशी शिक्षणाचा, नोकरीचा विचार करू लागली आहेत आणि त्यांच्या बोलण्यात जपानचे नाव वारंवार येते. पालक आम्हांला विचारतात, "पाठवावे काय?" हो किंवा नाही एवढे उत्तर देऊन हा प्रश्न सुटत नाही. त्या देशाची ओळख हवी आणि आपली तयारीही हवी. या दोन्ही गोष्टींविषयी आम्ही आज बोलणार आहोत.

देशांतर म्हणजे काय, याचा धडा घेण्यासाठी आपल्याला टोकियोला जाण्याची गरज नाही. नागपूरपर्यंत गेले तरी पुरे. भदन्त आर्य नागार्जुन सुरेई ससाई यांचा जन्म १९३५ साली जपानच्या ओकायामा प्रांतात झाला. शिंगोन पंथात दीक्षा घेतलेला हा भिक्खू थायलंडमार्गे भारतात आला आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीस नागपुरात पोहोचला. येथे येण्यापूर्वी बाबासाहेबांचे कार्य त्यांना माहीत नव्हते. मराठी येत नव्हती, ओळखदेख नव्हती. इंदोऱ्याच्या वस्तीत ते राहिले, लोकांची भाषा शिकले, लोकांचे अन्न खाल्ले, त्यांच्या सुखदुःखात मिसळले. १९८८ साली त्यांना भारतीय नागरिकत्व मिळाले. १९९० च्या दशकात बोधगयेच्या महाबोधी विहाराच्या मुक्तीसाठी झालेल्या आंदोलनाचे ते पुढारी होते. परक्या देशात माणूस कसा रुजतो, हे या उदाहरणावरून कळते. तेथील माणसांच्या जगण्याला त्यांनी आपले मानले, म्हणून तेथील माणसांनी त्यांना आपले मानले.

हा रस्ता दुहेरी आहे आणि फार जुना आहे. इसवी सन ७३६ मध्ये बोधिसेन नावाचा भारतीय भिक्खू चीनमार्गे जपानला गेला. नारा येथील तोदाइ-जी विहारातील प्रचंड बुद्धमूर्तीचा नेत्रोन्मीलन विधी ७५२ साली त्याच्या हस्ते झाला. तो पुन्हा मायदेशी परतला नाही. आपल्या काळात, १९९९ साली, कामठीला जपानच्या सहकार्याने ड्रॅगन पॅलेस विहार उभा राहिला. आणि सप्टेंबर २०१५ मध्ये वाकायामा प्रांतातील कोयासान विद्यापीठात बाबासाहेबांच्या पुतळ्याचे अनावरण महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांच्या हस्ते झाले. त्याच कोयासानच्या डोंगरावर नवव्या शतकात कूकाइ या भिक्षूने शिंगोन पंथाचे पीठ स्थापले. तेथील समाधिशिळांवर सिद्धम् लिपीतील अक्षरे दिसतात. ही लिपी ब्राह्मीच्या वंशातली, म्हणजे आपल्या देवनागरीची नातलग.

विद्यार्थी मित्रांनो, जपानी भाषेची भीती बाळगू नका. तिच्या वर्णमालेचा क्रम आ, इ, उ, ए, ओ आणि मग का, कि, कु असा चालतो. ही मांडणी संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासातून तिकडे गेली. वाक्यरचना तर आपल्याला इंग्रजीपेक्षा जवळची आहे. "वाताशी वा गोहान ओ ताबेमासु" म्हणजे मी भात खातो. आधी कर्ता, मग कर्म, शेवटी क्रियापद. "वाताशी नो इए" म्हणजे माझे घर. तो "नो" म्हणजे आपला चा-ची-चे. कठीण आहे ते लेखन. हिरागाना आणि काताकाना या दोन अक्षरमाला काही आठवड्यांत हस्तगत होतात, परंतु नित्य वापरासाठी ठरवून दिलेली चिनी चित्राक्षरे २१३६ आहेत. त्यांना वर्षे द्यावी लागतात.

आता "गोहान" हा शब्द पाहा. त्याचा अर्थ शिजलेला भात आणि त्याचाच अर्थ जेवण. आपल्या झाडीपट्टीतल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. पऱ्हे टाकणे, चिखलणी करणे, बांधीत रोवणी करणे ही कामे जपानी शेतकऱ्यानेही शतकानुशतके वाकून केली. आज तेथे रोवणी बहुतेक यंत्राने होते. जेवणापूर्वी ते हात जोडून "इतादाकिमासु" म्हणतात. मी हे नम्रतेने स्वीकारतो, असा त्याचा भाव. पिकवणाऱ्याचे, रांधणाऱ्याचे आणि ज्या जिवाचे अन्न झाले त्याचे ते ऋण आहे. घरात शिरताना पायताण उंबऱ्याशी काढायचे, ही रीत आपल्या ओळखीची. नावापुढे "सान" लावणे हे आपल्या "जी" आणि "राव" यांच्यासारखे. मात्र स्वतःच्या नावापुढे तो लावायचा नसतो.

वेगळ्या वाटणाऱ्या गोष्टीही पुष्कळ आहेत. स्नानाच्या हौदात उतरण्यापूर्वी बाहेर बसून अंग स्वच्छ धुवायचे. हौदातल्या गरम पाण्यात साबण लावायचा नाही, कारण त्याच पाण्यात इतरांना उतरायचे असते. आगगाडीत मोठ्याने बोलायचे नाही. कचऱ्याची वर्गवारी करून ठरलेल्या दिवशीच तो बाहेर ठेवायचा. शाळेतली मुले आपला वर्ग स्वतः झाडतात, पुसतात. या शेवटच्या गोष्टीकडे आम्ही तुमचे विशेष लक्ष वेधतो. ज्या समाजात झाडू एका जातीच्या हाती देऊन बाकीचे मोकळे झाले, त्या समाजातून गेलेल्या मुलाने हे डोळे उघडे ठेवून पाहावे.

आपले काही बांधव समजतात की जपान बौद्ध राष्ट्र आहे, तेव्हा तेथे सर्व आपल्यासारखेच असणार. हा समज घेऊन जाऊ नका. सहाव्या शतकात कोरियातून धम्म तेथे पोहोचला आणि तेथल्या मातीत त्याने वेगळे रूप घेतले. बुद्धजयंती वैशाख पौर्णिमेऐवजी ८ एप्रिलला, फुलांचा सण म्हणून साजरी होते. नववर्षाच्या आदल्या रात्री विहारांत घंटेचे १०८ टोल दिले जातात. ऑगस्टच्या मध्यास, काही ठिकाणी जुलैत, "ओबोन"चे दिवस येतात. तेव्हा माणसे गावी जाऊन पूर्वजांच्या समाध्या धुतात, दिवे लावतात. १८७२ साली सरकारने भिक्षूंना विवाहाची मोकळीक दिली, त्यामुळे तेथे विहार बहुधा बापाकडून मुलाकडे जातो. एकच कुटुंब बाळाला शिंतो देवस्थानात नेते आणि अंत्यविधी बौद्ध पद्धतीने करते. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या आपल्या माणसाला हे गोंधळात टाकणारे आहे. तेथे वाद घालत बसण्याचे कारण नाही आणि आपले सोडण्याचेही कारण नाही. पाहावे, विचारावे, समजून घ्यावे.

आणखी एक गोष्ट सांगणे आम्ही कर्तव्य मानतो. जपानमध्येही एक वर्ग शतकानुशतके अस्पृश्यासारखा जगला. मेलेली जनावरे ओढणारे, चामडे कमावणारे असे हे लोक होते. त्यांच्या वस्त्या वेगळ्या. त्यांना आज बुराकु समाज म्हणून ओळखतात. १८७१ च्या फर्मानाने त्यांचे हीन दर्जे कागदावर रद्द झाले, मनातून गेले नाहीत. ३ मार्च १९२२ रोजी क्योतो येथे त्यांनी "सुइहेइशा" ही आपली संघटना स्थापन केली. महाडच्या सत्याग्रहाआधी पाच वर्षे! बौद्ध विहारांनीसुद्धा त्यांच्या मृतांना अपमानकारक मरणोत्तर नावे देऊन थडग्यांवर कोरली होती. पुढे पंथांना ती चूक कबूल करून नावे बदलावी लागली. १९७५ साली असे उघडकीस आले की नोकरीसाठी आलेल्या उमेदवाराची वस्ती ओळखता यावी म्हणून कंपन्या या वस्त्यांच्या याद्या विकत घेत होत्या. भेदभाव नाहीसा करण्यासाठी २०१६ साली तेथे स्वतंत्र कायदा झाला. आडनाव विचारून माणूस तोलणे आपल्याला ठाऊक आहे. तेथे पत्ता विचारून तोलला गेला. म्हणून कोणत्याही देशाला स्वर्ग समजू नका. तेथेही समतेसाठी लढलेली आणि लढणारी माणसे आहेत. त्यांची ओळख करून घ्या. ते आपले खरे सोयरे.

आता व्यवहाराचे बोलू. जपानच्या लोकसंख्येत ६५ वर्षांवरील माणसे सुमारे २९ टक्के आहेत. काम करणारे हात कमी पडतात, म्हणून वृद्धांची शुश्रूषा, शेती, बांधकाम, कारखाने यांसाठी परदेशी तरुण बोलावले जातात. २०१७ साली तांत्रिक प्रशिक्षणार्थींविषयी आणि जानेवारी २०२१ मध्ये "विशिष्ट कुशल कामगार" योजनेविषयी भारत-जपान करार झाले. या दुसऱ्या योजनेच्या पहिल्या वर्गात कामाची आणि भाषेची परीक्षा द्यावी लागते, एकूण पाच वर्षे राहता येते, परंतु कुटुंब सोबत नेता येत नाही. प्रशिक्षणार्थी योजनेत मालक बदलण्याची मुभा जवळजवळ नव्हती आणि त्यातून पुष्कळांचे हाल झाले. म्हणून तिच्या जागी नवी पद्धत आणणारा कायदा २०२४ साली जपानच्या संसदेने केला. प्रशिक्षणार्थीचे पारपत्र मालकाने स्वतःकडे ठेवणे हा तेथे गुन्हा आहे, हे पाठ करून जा.

येथल्या कायद्यानेही परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्याकडे भारत सरकारची नोंदणी असावी लागते. त्याच्या सेवाशुल्काची मर्यादा ३०,००० रुपये व त्यावरील कर इतकी आहे. जो लाखो रुपये मागतो, पावती देत नाही, "भाषा तिकडे गेल्यावर येईल" असे सांगतो, त्याच्यासाठी बापाची बांधी गहाण टाकू नका. शिकण्यासाठी जायचे असेल तर जपान सरकारची शिष्यवृत्ती आहे, आणि अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. १९१३ साली बाबासाहेब शिष्यवृत्तीवरच कोलंबिया विद्यापीठात गेले होते. दलालाआधी या दारांवर थाप मारा.

मराठी माणूस तेथे नवा नाही. टोकियोच्या एदोगावा भागात भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे आणि २०१९ साली योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ तेथल्या स्थानिक सभेवर निवडून आले. आपली माणसे भेटली म्हणजे बरे वाटते. परंतु जातीची विचारपूस परदेशातही माणसासोबत विमानाने जाते, हे ध्यानात ठेवा. तुम्ही ती करू नका. कुणी केली, तर मान खाली घालू नका.

शेवटी पालकांना आणि समाजाला एक विनंती. आपली मुले परक्या देशातील वृद्धांची सेवा करायला जातील, पाच वर्षे परत येणार नाहीत. त्या काळात त्यांचे म्हातारे आईबाप येथे असतील. त्यांना दवाखान्यात कोण नेईल, रोवणीच्या दिवसांत कोण हातभार लावील, हे मूल जाण्याआधी ठरले पाहिजे. तो भार शेजाऱ्यांनी, विहाराने आणि संस्थेने उचलावा. जपानी भाषेचा एखादा वर्ग विहारात सुरू व्हावा, करारपत्र वाचून समजावणारी दोन माणसे संस्थेत असावीत. मग "पाठवावे काय?" या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक घराला स्वतःच देता येईल.



नमो बुद्धाय, जयभीम!