थायरॉइड आणि पॅराथायरॉइड: नावं जवळची, कामं वेगळी



शरीररचनाशास्त्र शिकताना सारख्या नावांचा घोळ प्रत्येकाला छळतो. मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे येते ती युरेटर आणि मूत्राशयातून बाहेर जाते ती युरेथ्रा. लहान आतड्याचा शेवटचा भाग इलियम आणि कमरेचं रुंद हाड, तेही इलियमच. परीक्षेत इथे चूक झाली तर एखादा गुण जातो. पण अशाच एका जोडीतला फरक वैद्यकाला उमगेपर्यंत कितीतरी रुग्णांचे हाल झाले, काहींचे प्राणही गेले. ती जोडी म्हणजे थायरॉइड आणि पॅराथायरॉइड.

थायरॉइड आपल्या गळ्यात, कंठमण्याच्या खाली, श्वासनलिकेच्या पुढच्या अंगाला असते. वजन साधारण वीस ग्रॅम. तिच्या पाठीमागे चिकटून, बहुधा चार, पिवळसर तपकिरी ग्रंथी असतात. लांबी जेमतेम पाच-सहा मिलिमीटर. याच पॅराथायरॉइड. भोवतालच्या चरबीत त्यांचा रंग असा मिसळून जातो, की सरावलेल्या सर्जनलाही त्या शोधाव्या लागतात.

त्यांची पहिली स्पष्ट नोंद झाली ती एका भारतीय गेंड्यात. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातला हा गेंडा १८४९ मध्ये मेला. शरीररचनातज्ज्ञ रिचर्ड ओवेन यांनी त्याचं विच्छेदन केलं आणि थायरॉइडला लागून असलेली एक लहान पिवळी ग्रंथी टिपून ठेवली. पुढे स्वीडनमधल्या उप्साला इथे इवार सँडस्ट्रोम या वैद्यकाच्या विद्यार्थ्याला ती कुत्र्यात दिसली. मग त्याने मांजर, ससा, बैल, घोडा आणि माणूस यांच्यात तिचा शोध घेतला आणि १८८० मध्ये तिला पॅराथायरॉइड, म्हणजे थायरॉइडच्या शेजारची, असं नाव दिलं. काम ठाऊक नव्हतं, म्हणून नाव पत्त्यावरून पडलं. ही थायरॉइडचीच न वाढलेली कणी असावी, अशी समजूत मग बरीच वर्षं टिकली.

त्याच काळात युरोपात गलगंडाच्या शस्त्रक्रिया जोरात सुरू होत्या. स्वित्झर्लंडमधल्या बर्न इथे थिओडोर कोखर आणि व्हिएन्नात थिओडोर बिलरोथ, दोघेही नामांकित सर्जन. थायरॉइड पूर्ण काढल्यावर कोखर यांचे रुग्ण सुजू लागले, मंद झाले, त्यांना थंडी सोसेना. बिलरोथ यांच्या रुग्णांच्या हातापायांत मात्र गोळे येत, बोटं आखडत, झटके येत. या विकाराला टेटनी म्हणतात. जखमेतल्या जंतूंमुळे होणारा धनुर्वात तो वेगळा. शस्त्रक्रिया एकच, मग आजार दोन कसे?

याचा उलगडा अमेरिकन सर्जन विल्यम हॉल्स्टेड यांनी नंतर केला. त्यांनी दोघांचंही काम पाहिलं होतं. कोखर यांचा हात संथ आणि काटेकोर. थायरॉइड ते समूळ काढत, पण आजूबाजूला धक्का लागू देत नसत. बिलरोथ झपाट्याने काम करत. त्यांच्या हातून थायरॉइडचा तुकडा मागे राही आणि पॅराथायरॉइड मात्र निघून जात.

प्राण्यांवरच्या प्रयोगांतही हेच कोडं होतं. थायरॉइड काढली की कुत्री-मांजरं आचके देऊन मरत, ससे जगत. मांसाहारी आणि शाकाहारी आहाराचा हा फरक असावा, असं लोक मानत. १८९१ मध्ये फ्रान्सच्या युजीन ग्ले यांनी दाखवलं, की सशाच्या दोन पॅराथायरॉइड थायरॉइडपासून अंतरावर असतात आणि म्हणून शस्त्रक्रियेतून वाचतात. त्याही काढल्या की ससाही आखडतो. अखेर १९०९ मध्ये मॅककॅलम आणि व्हॉग्टलिन या संशोधकांनी दाखवून दिलं, की रक्तात कॅल्शियम सोडलं की टेटनी थांबते.

थायरॉइड आयोडीन वापरून शरीराच्या ऊर्जाव्यवहाराचा वेग ठरवते. पॅराथायरॉइड रक्तातलं कॅल्शियम सांभाळते. गर्भात थायरॉइड उगवते जिभेच्या मुळाशी आणि खाली उतरते. पॅराथायरॉइड येतात घशाच्या बाजूच्या कप्प्यांतून, म्हणजे माशांमध्ये जिथे कल्ले बनतात त्या भागातून. माशांना थायरॉइड असते, पण वेगळ्या पॅराथायरॉइड ग्रंथी नसतात. त्या बेडूक, सरडे, पक्षी आणि सस्तन प्राण्यांत दिसतात. म्हणून विद्यार्थ्यांना माझं सांगणं आहे: दोन अवयवांची नावं सारखी वाटली, तर तीन प्रश्न विचारा. हा उगवला कुठून? याला चिकटून काय आहे? आणि हा काढला तर काय बिघडेल? नाव पाठ करण्याआधी ही उत्तरं मिळवा.

बाकीच्या श्रोत्यांना विनंती आहे, की तपासणीचा कागद नीट वाचा. टीएसएच ही थायरॉइडसाठीची तपासणी. ते संप्रेरक मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून येतं. पीटीएच हे पॅराथायरॉइडचं स्वतःचं संप्रेरक. वारंवार मुतखडा होत असेल, हाडं ठिसूळ झाली असतील आणि रक्तात कॅल्शियम वाढलेलं असेल, तर पीटीएचबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा. आणि घरातल्या कोणाची थायरॉइडची शस्त्रक्रिया झाली असेल, तर ओठांभोवती किंवा बोटांच्या टोकांना मुंग्या येताहेत का, यावर लक्ष ठेवा. तसं झालं, तर सकाळची वाट न पाहता लगेच डॉक्टरांना कळवा. कॅल्शियम वेळेवर मिळालं, तर हा त्रास आटोक्यात येतो.