वेगाचा विक्रम आणि वर्गणी
(वार्षिक पारितोषिक समारंभातील भाषण)



विज्ञान मंडळाच्या मुलांनी 'जगातील सर्वांत वेगवान मोटार' हा विषय मला दिला. मी बी.ए. झालेला माणूस, इंजिनाच्या पोटात फार खोल शिरणार नाही. पण या गाड्या उभ्या कशा राहिल्या ती हकीकत मला आपल्या संस्थेच्या कामाजवळची वाटते.

आधी हिशेब. शहापूर तालुक्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर मोटारीला ताशी १२० कि.मी.ची मर्यादा आहे. १५ ऑक्टोबर १९९७ रोजी अमेरिकेतील नेवाडाच्या ब्लॅक रॉक वाळवंटात अँडी ग्रीन या ब्रिटिश वैमानिकाने 'थ्रस्ट एसएससी' ही गाडी ताशी सुमारे १२२८ कि.मी. वेगाने चालविली. आसनगाव ते कसारा हे ३५ कि.मी. अंतर त्या वेगाने पावणेदोन मिनिटांत संपेल. जमिनीवरील गाडीने आवाजाला मागे टाकले ते प्रथमच, आणि तो विक्रम अजून मोडलेला नाही.

एकदा धावून विक्रम होत नाही. तासाभराच्या आत उलट दिशेनेही धावावे लागते आणि दोन्ही वेगांची सरासरी धरतात, म्हणजे पाठीवरच्या वाऱ्याचा फायदा पदरात पडत नाही. (आमच्या तोंडी परीक्षांनाही असा नियम हवा होता!)

आपल्या एस.टी.चे इंजिन चाके फिरविते आणि चाके रस्त्याला मागे रेटतात. या गाडीत चाकांना इंजिन जोडलेलेच नव्हते. लढाऊ विमानांत वापरतात तशी दोन जेट इंजिने दोन्ही अंगांना होती. ती हवा ओढून दाबतात, तीत इंधन जाळतात आणि तापलेला वायू जोराने मागे फेकतात. फुगविलेल्या फुग्याचे तोंड सोडले की तो जसा पळतो, तशी गाडी पुढे जाते. चाके नुसती भार वाहतात. रबर त्या वेगात टिकत नाही, म्हणून ती भरीव ॲल्युमिनियमची केली होती.

या कामामागचा माणूस रिचर्ड नोबल. तो इंजिनिअर नव्हे. त्याने जुने जेट इंजिन मिळवून पहिली गाडी स्वतः बांधली. १९७७ साली ती उलटली आणि भंगारात गेली. मग त्याने ताशी ६५० मैल धावणारी मोटार आखून देणारा माणूस हवा, असे जाहीर केले. जॉन ॲक्रॉइड पुढे आला. त्यांच्या 'थ्रस्ट २' ने ४ ऑक्टोबर १९८३ रोजी ताशी सुमारे १०१९ कि.मी.चा विक्रम केला.

पुढच्या गाडीच्या वेळी पैसा आटला. गाडी अमेरिकेला नेणाऱ्या अवाढव्य मालवाहू विमानाला तेल भरायलाही रक्कम नव्हती. तेव्हा लोकांना २५-२५ गॅलन तेलाची किंमत देण्याचे आवाहन केले गेले. हजारो अनोळखी लोकांनी ती दिली आणि विमान उडाले. वर्गणी मागण्याचा संकोच वाटणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी हे जरूर ऐकावे.

नंतर 'ब्लडहाउंड' गाडी आली. २००८ साली ती जाहीर झाली तेव्हाच, शाळकरी मुलांना विज्ञान-इंजिनिअरिंगकडे वळविणे हा हेतू सांगितला होता. तिच्यासाठी दक्षिण आफ्रिकेतील हॅक्सकीन पॅन हे कोरडे तळे निवडले. त्या वेगात लहानसा खडासुद्धा चाकाचा, इंजिनाचा घात करतो. म्हणून त्या भागातील ३१७ स्त्री-पुरुषांनी सुमारे १६,५०० टन दगड हातांनी वेचून काढले. रोजगार हमीच्या कामावर ज्यांनी खडी फोडली, टोपल्या वाहिल्या, त्या शहापूर-मुरबाडच्या वडीलधाऱ्यांना या आकड्याचा अर्थ मी काय सांगणार? नोव्हेंबर २०१९ मध्ये ती गाडी ताशी १०१० कि.मी.पर्यंत पोचली. जुना विक्रम मोडला नाही. पुढे पैशांअभावी काम थांबले आणि गाडी कॉव्हेंट्रीच्या संग्रहालयात गेली. वर्तमानपत्रांत चालकाचे छायाचित्र येते, दगड वेचणाऱ्यांचे क्वचितच.

आता घरची गोष्ट. आपली कितीतरी मुले आठवी-नववीतून गॅरेजमध्ये जातात. कार्बोरेटर खोलून पुन्हा बसविण्यात ती पटाईत होतात, पण त्यात हवा आणि पेट्रोल कोणत्या प्रमाणात मिसळते व का, हे त्यांना कोणी सांगत नाही. तोवर त्यांचे शाळेतले नाव कमी झालेले असते. अशी मुले शाळेत टिकावीत म्हणून कार्यशाळेचा प्रस्ताव विश्वस्तांपुढे आहे. खोली तयार आहे. लेथ, वेल्डिंगचा संच आणि खोलून पाहण्यासाठी एक जुने इंजिन, एवढे हवे आहे. कोणाच्या अंगणात बंद पडलेली जीप असेल तर तीही चालेल, आणून घेण्याची व्यवस्था आम्ही करू. पावतीपुस्तक कार्यालयात ठेवले आहे. रक्कम कितीही लहान असली तरी पावती मिळेल.