तिजोरीचा खेळ

श्रोतेहो, आजच्या भाषणाचे नाव ऐकून काहींच्या भुवया वर गेल्या असतील. तिजोरी उघडायची ती मालकाने. तिचा खेळ तो कसला? आणि तो मुलांना शिकवायचा म्हणजे काय चोर तयार करायचे आहेत? ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर मी देणारच आहे; पण आधी खेळ काय आहे ते सांगतो.

मोठ्या शहरांत हल्ली ‘एस्केप रूम’ नावाचा एक प्रकार निघाला आहे. पाचसहा जणांनी मिळून एका सजवलेल्या खोलीत शिरायचे. खोलीत कुलपे असतात, चिठ्ठ्या असतात, नकाशे असतात, भिंतीवर काही खुणा असतात. एका कोड्याचे उत्तर दुसऱ्या कोड्याची किल्ली होते, आणि असे करीत करीत तासाभराच्या आत शेवटचे कुलूप उघडायचे. जपानमधील क्योतो शहरात २००७ साली ताकाओ कातो नावाच्या गृहस्थांनी असा खेळ प्रथम मांडला. २०११ साली युरोपात बुडापेस्टला तो सुरू झाला, आणि पुढे मुंबई-पुण्यापर्यंत येऊन पोचला. यातही एक प्रकार फार लोकप्रिय आहे, तो चोरीचा. बँकेची तिजोरी असते किंवा संग्रहालयातील हिरा असतो, आणि खेळणारे सारे एका टोळीचे गडी होतात.

आता कोणी म्हणेल, हे परदेशी खूळ आहे. मला तसे वाटत नाही. गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशी आपण काय करतो? उंच टांगलेली हंडी, खाली एकमेकांच्या खांद्यांवर चढणारी पोरे, वरून पाण्याचा मारा, आणि शेवटी सर्वांनी वाटून खाल्लेला काला. लोणी चोरणाऱ्याचाच तो उत्सव आहे. पण त्यात एक खुबी आहे. हंडी एकट्याला फोडता येत नाही. वर चढणाऱ्या पोराइतकेच खालच्या थरातल्या दणकट गड्याचे काम मोलाचे असते, आणि काला दोघांनाही सारखाच मिळतो.

संस्कृत वाङ्मयातही याचा एक नामी दाखला आहे. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ नाटकात शर्विलक नावाचा एक चोर येतो. देवलांच्या मराठी नाटकामुळे तो आपल्याकडेही ओळखीचा झाला. हा शर्विलक चारुदत्ताच्या घराची भिंत फोडतो, पण कशीबशी फोडीत नाही. भोक कमळाच्या आकाराचे पाडावे, चंद्रकोरीसारखे पाडावे, की पूर्णकुंभासारखे, याचा तो विचार करतो. सकाळी लोकांनी पाहून कारागिरीची वाहवा केली पाहिजे, ही त्याची हौस! मापायला दोरी नाही, तर गळ्यातले जानवे काढून मापतो. पण नाटककार तेथे थांबला नाही. ज्या मदनिकेला दास्यातून सोडवण्यासाठी त्याने दागिने चोरले, ती मदनिकाच त्याला सांगते की हे ज्याचे त्याला परत कर. चोरीची गंमत दाखवायची, पण मालाचे शेवटी काय झाले हा प्रश्न सोडायचा नाही, ही शूद्रकाची रीत आहे. तिजोरीचा खेळ रचणाऱ्याने ती पहिल्यांदा शिकावी.

दुसरी गोष्ट शिकायची ती एका खऱ्या चोरीच्या उलट वागून. मार्च १९८७ मध्ये मुंबईत एका माणसाने वर्तमानपत्रात जाहिरात देऊन, मोठ्या हॉटेलात मुलाखती घेऊन काही तरुण ‘सरकारी नोकरीत’ भरती केले. दुसऱ्याच दिवशी त्यांना बसमध्ये घालून ऑपेरा हाऊस भागातील एका नामांकित सराफी पेढीवर नेले आणि सरकारी धाड पडल्याचा देखावा केला. ‘पुरावा’ म्हणून दागिने पिशव्यांत भरले, तरुणांना पहारा द्यायला सांगितले, आणि तो जो निघून गेला तो पुन्हा सापडला नाही. २०१३ साली यावर ‘स्पेशल २६’ हा हिंदी चित्रपट निघाला. या प्रकरणात डोके एकाचे होते. बाकीचे सांगितले ते करीत होते. आपण कशात आहोत हे त्यांना ठाऊकच नव्हते.

शिक्षक मंडळींनी येथे क्षणभर थांबावे. आपल्या वर्गातल्या सांघिक खेळात पुष्कळदा हेच होत नाही काय? एक चलाख पोरगा पुढे होतो, उत्तर तोच सांगतो, आणि बाकीची मुले मागे उभी राहून पहारा देतात. खेळ संपतो, टाळ्या होतात, पण पाचांपैकी चौघे काही खेळलेलेच नसतात. म्हणून माझ्या मते या खेळाचा मुख्य नियम एकच: एकट्याने उघडेल असे कुलूप त्यात ठेवू नये.

असे कुलूप कसे असते, हे आम्हा बडनेऱ्याच्या लोकांना समजायला अवघड नाही. आमचे गाव रेल्वेचे जंक्शन आहे. मुंबईहून नागपूरला जाणाऱ्या मार्गावर ते बसले आहे, आणि अमरावतीचा फाटा येथूनच फुटतो. रेल्वेत एकेरी मार्गावर टोकनची एक पद्धत चालत आली आहे. दोन स्टेशनांत दोन यंत्रे, तारेने जोडलेली. त्यांतून पोलादी गोळा बाहेर आला आणि ड्रायव्हरच्या हाती पडला तरच गाडीने पुढच्या टप्प्यात शिरायचे. पण पलीकडच्या मास्तरांनी आपल्या यंत्रावरून साथ दिल्याशिवाय अलीकडच्या मास्तरांना गोळा निघत नाही. आणि एक गोळा बाहेर असेतो दोन्हीकडून दुसरा निघत नाही. समोरासमोर गाड्या येऊ नयेत म्हणून ही योजना. बँकेतल्या लॉकरचेही तसेच: एक किल्ली आपली, एक बँकेची. दोघे मिळाल्याशिवाय काम होत नाही, हेच तत्त्व आपल्याला खोलीत आणायचे आहे.

आता प्रत्यक्ष रचना. खर्च फार नाही. वर्गाची एक खोली, पत्र्याची एक पेटी, दोनतीन कुलपे आणि चाळीस मिनिटांचा एक तास पुरे.

प्रथम कथा हवी. मी सुचवितो ती अशी. एका म्हातारीने सावकाराचे कर्ज फेडले आहे, पण फेडीची पावती सावकाराने आपल्या तिजोरीत दडवली आहे. उद्या कोर्टाची तारीख. पावती आज मिळाली पाहिजे. दारातच म्हातारीची चिठ्ठी ठेवावी: “मले माही पावती पाह्यजे. दुसऱ्याच्या कवडीले हात लावू नका.” हे वाक्य नीट लक्षात ठेवा.

पहिले कोडे जमिनीचे. जुन्या उताऱ्याचा कागद चार तुकडे करून चौघांना द्यावा. जुळवल्यावर दिसते की क्षेत्र तीन एकर वीस गुंठे आहे, आणि बाजूला लिहिले आहे, ‘सारे गुंठ्यांत सांगा’. चाळीस गुंठ्यांचा एकर, तेव्हा उत्तर एकशे चाळीस. आकड्यांचे कुलूप असेल तर त्यावर १४० जुळवावे. नसेल तर एका विद्यार्थ्यालाच कुलूप करावे! तो मूठ मिटून बसेल आणि बरोबर आकडा ऐकल्यावरच उघडेल.

दुसरे कोडे तागडीचे. सरकीच्या नऊ सारख्या पुरचुंड्या बांधाव्यात, आणि एकीत लोखंडी किल्ली घालावी. तागडी दोनदाच वापरायची, आणि किल्ली कोणत्या पुरचुंडीत आहे ते सांगायचे. एकेक तोलत बसणारा हरतो. तीन एका पारड्यात, तीन दुसऱ्यात आणि तीन बाहेर ठेवल्या की पहिल्याच तोलात नवाच्या तीन उरतात. दुसऱ्या तोलात तिन्हींतली एक.

तिसरे कोडे पडद्याचे. मध्ये चादर बांधावी. एका बाजूच्या मुलांकडे नकाशा, दुसऱ्या बाजूला सामान. बघणाऱ्याने हात लावायचा नाही, हात लावणाऱ्याने बघायचे नाही. सारे बोलून व्हायचे. गेल्या हिवाळ्यात जवळच्या एका शाळेत आम्ही हे करून पाहिले, तेव्हा पाच मिनिटे नुसता गलका झाला. मग एक पोरगा ओरडला, “अबे, एकेक जन बोला नं!” आणि काम सरळ झाले. वर्गात मी ही गोष्ट शंभरदा सांगितली असती, तरी तिचा एवढा उपयोग झाला नसता.

शेवटी पेटी. तिला दोन कुलपे, आणि दोन किल्ल्या दोन बाजूंच्या मुलांकडे. आत तीन वस्तू असाव्यात: पावती, कर्जाचे खत आणि कागदी नोटांची गड्डी. आता परीक्षा. ज्या संघाने नोटा उचलल्या तो हरला. हा नियम अन्यायाचा नाही, कारण म्हातारीने तो दारातच सांगितला होता. कोड्याचे उत्तर खोलीतच असले पाहिजे. गुरुजींच्या डोक्यात लपवलेले उत्तर ही फसवणूक होय.

उरले खत. ते जाळावे की पावती घेऊन कोर्टात जावे? येथे मुलांना बोलू द्यावे, आणि मग १८७५ सालची हकीकत सांगावी. ती आपल्या वऱ्हाडातली नव्हे, पुणे-नगरकडची. त्या वर्षी १२ मे रोजी सुपे गावी रयत उठली आणि हे लोण आसपासच्या गावांत पसरले. रयतेचा रोख मुख्यतः माणसांवर नव्हता, खतांवर होता. ती काढून घेऊन जाळली. सरकारने चौकशी नेमली, आणि १८७९ साली कायदा झाला. त्याने खताच्या मागे जाऊन कर्जाचा सारा हिशेब तपासण्याची मुभा कोर्टांना दिली. जाळलेल्या कागदाने काय झाले आणि तपासलेल्या कागदाने काय झाले, हे मुलांनाच तोलू द्यावे. कर्ज हा शब्द आपल्याकडे पोरांना पुस्तकातून शिकावा लागत नाही. म्हणून हा वाद ती मन लावून करतात, असा माझा अनुभव आहे.

एक गोष्ट मात्र वादाची नव्हे. पोलंडमधील कोशालिन गावी ४ जानेवारी २०१९ रोजी अशाच एका खोलीला आग लागली. पंधरा वर्षांच्या पाच मुली वाढदिवसासाठी खेळायला आल्या होत्या. त्यांना बाहेर पडता आले नाही आणि पाचही जणी दगावल्या. तेव्हा खोलीचे दार कधीही बंद करू नये. विस्तव, दिवा, कंदील आत नेऊ नये. कुलपे पेटीला लावावी, माणसांना नव्हे.

राहता राहिली आरंभीची शंका. या खेळाने मुले चोरी शिकतील का? ती काय शिकतील ते रचणाऱ्याच्या हाती आहे. पेटीतले धन जिंकणाऱ्याचे, असे ठरवले तर शंका खरी ठरेल. पण ज्याचे त्याला परत द्यायचे, आणि तेही सर्वांनी मिळून, असे ठरवले तर शिकवायला याहून चांगला धडा मला तरी माहीत नाही. येत्या सुट्टीच्या आधी एखाद्या शनिवारी करून पाहा. आणि खेळ संपल्यावर कोण जिंकले हे विचारू नका. तू कोणते कुलूप उघडलेस, हे प्रत्येकाला विचारा. एका जरी मुलाला उत्तर देता आले नाही, तर पुढच्या वेळी त्याच्यासाठी एक कुलूप वाढवा.