शुद्ध उच्चार हाही ज्ञानाचारच

(सुवर्ण महोत्सवानिमित्त पाठशाळेच्या पालकांपुढे केलेले भाषण)

माहीमच्या आपल्या मुलांच्या जिभेवर आज अनेक भाषा नांदतात. घरी गुजराती किंवा मारवाडी, अंगणात मराठी आणि पाठशाळेत प्राकृत. यांपैकी प्राकृत बोलणारा शेजारी कोणालाच लाभत नाही. म्हणून तिचे उच्चार जाणीवपूर्वक शिकावे लागतात.

तरीही ती परकी नव्हे. आपल्याच पालघर जिल्ह्यातील सोपारा येथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना मिळालेला अशोकाचा शिलालेख प्राकृतातच आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठी आणि प्राकृत या दोहोंना एकाच वेळी अभिजात भाषेचा दर्जा दिला.

ज्ञानाचाराच्या आठ प्रकारांत व्यंजन, अर्थ आणि तदुभय यांची गणना आहे. अक्षर शुद्ध असावे, अर्थ शुद्ध असावा आणि दोन्ही एकत्र शुद्ध असावेत. हेमचंद्राचार्यांच्या ‘परिशिष्टपर्वा’तील कुणालाची कथा आपणांस ठाऊक आहे. पुत्राने अध्ययन करावे, या पित्याच्या आज्ञेवर सावत्र मातेने एक बिंदू चढविला. ‘शिकावे’चे ‘आंधळे व्हावे’ झाले आणि राजपुत्र नेत्रांस मुकला. एका अनुस्वाराचे हे मोल!

मराठी वळणाची जीभ कोठे अडखळते? ‘उवज्झायाणं’मधील झ ‘झाड’मधल्यासारखा नव्हे, तर ‘झेंडा’मधल्यासारखा, तालव्य हवा. ‘सव्व’मधील दोन्ही व ऐकू यावेत. ‘भगवंताणं’चे ‘भग्वंताणं’ होऊ नये. ‘ग’मधील अकार गिळता कामा नये. उलट, गुजराती घरातील मूल मराठी ‘चमचा’ म्हणताना तालव्य च उच्चारते. दोष मुलांचा नसतो. जीभ मातृभाषेच्या वाटेनेच चालते.

उपाय सोपा आहे. आधी ऐकावे, मग म्हणावे. ‘झाड, झेंडा’ असे जोडशब्द म्हणून जीभ कोठे टेकते ते न्याहाळावे. पद तोडून सावकाश म्हणावे, अर्थ समजून घ्यावा आणि एका आठवड्यात एकच ध्वनी सुधारावा. मोबाइलवर आपला आवाज ध्वनिमुद्रित करून गुरुजींच्या पाठाशी ताडून पाहावा. रोमन लिपीतील सूत्रांवर मात्र विसंबू नये. तेथे ण-न, ट-त यांचा भेद बहुधा पुसला जातो. आणि चुकलेल्या मुलाला कोणी हसू नये. हसलेले मूल पुढे ओठातल्या ओठात पुटपुटू लागते.

श्वेतांबर परंपरेनुसार वलभी येथे देवर्धिगणी क्षमाश्रमणांनी आगम ग्रंथारूढ करविले, तोवर ते प्रामुख्याने कानांनी आणि कंठांनी जपले गेले. पन्नास वर्षे ट्रस्टने वास्तू सांभाळली. आता तिच्यात उमटणारा प्रत्येक ध्वनी सांभाळणे आपल्या हाती आहे.

जय जिनेंद्र!